जुन्या माझगाव बेटावरची म्हातारपाखाडी : घरं, जिने आणि भिंतींत अडकलेलं पाणी

चुनाविटा
८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मागच्या रविवारी एका कामासाठी माझगावला गेलो होतो. काम लवकर उरकलं आणि पाय आपोआप म्हातारपाखाडीकडे वळले. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून जेमतेम दहा मिनिटांची चाल. ट्रेलरचा आवाज, टॅक्सीचे हॉर्न मागे राहतात, एक वळण घेतलं की गल्ली अरुंद होते आणि दोन्ही बाजूंना एकमजली, दुमजली लाकडी घरं लागतात. जुनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती. कुणाच्या ओट्यावर वेताची खुर्ची, कुणाच्या सज्जाला फर्नच्या कुंड्या. दुपारचे दोन वाजले होते, एका घरातून तळलेल्या मासळीचा वास येत होता.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं मी ३० वर्षं करतोय. त्यामुळे घर बघताना माझी नजर आधी जोत्यावर जाते, मग जिन्यावर, मग पाखाच्या, म्हणजे उतरत्या छपराच्या कडेवर. इथे बऱ्याच घरांना जिना बाहेरून आहे, रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यावर. एका जिन्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. पायरीची सागवानी फळी मधोमध झिजून बशीसारखी खोलगट झालेली. कठड्याची दांडी हात लागून लागून इतकी गुळगुळीत, की रंधा मारूनही लाकूड तसं होणार नाही. वरच्या चार पायऱ्या जास्त झिजल्यात, खालच्या कमी. असं का, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मग वरून एक बाई आल्या आणि नेमक्या त्या वरच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या घरातल्या बाईंशी बोलायला लागल्या. शंभर वर्षं लोक तिथे बसत आलेत.

जिना बाहेर का? माझा अनुभव सांगतो. घर लहान, आत जिना घेतला की एक अख्खी खोली जाते. शिवाय दोन भाऊ वेगळे झाले किंवा वरचा मजला भाड्याने दिला, तर खालच्यांच्या माजघरातून कुणी ये-जा करत नाही. आणि आग लागली तर उतरायला मोकळी वाट.

मुंबई सात बेटांची होती तेव्हा माझगाव हे एक वेगळं बेट होतं. मधे खाडी. उमरखाडी हे नाव तिथलंच. पायधुणीला लोक पाणी ओलांडून आले की पाय धुवायचे, असं सांगतात. १८ व्या शतकाच्या अखेरीला गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात महालक्ष्मी-वरळीमधल्या खिंडाराला बांध पडला, पुढे भराव होत गेले आणि ही सगळी बेटं जोडली गेली. पण जमिनीला आपली जुनी ओल आठवते. माझगावात काय, परळला काय, पायासाठी चार-पाच फूट खणलं की पाणी लागतं. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. म्हणून जोतं उंच, भिंत चुन्याची, पाख लांब बाहेर काढलेले, वर कौलं. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. या घरांचा सगळा बेत एकच आहे : पाणी आत येऊ नये आणि आलंच तर त्याला बाहेर जायला वाट असावी.

ही वाट आपण बुजवतोय, हे सांगायला हा धागा काढलाय.

चुन्याची भिंत ओल पिते आणि ऊन पडलं की सोडते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आतच राहते. बाहेरून भिंत दोन वर्षं झकास दिसते. आत पाणी वर चढत जातं. मग लोणा लागतो, मीठ फुटतं, पोपडे येतात. लोक पुन्हा सिमेंट मारतात, या खेपेला थोडं उंचापर्यंत. शेवटी ओल तुळईच्या टोकाशी पोचते. तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक दिसत नाही आणि कुजतं तिथेच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९८ साली उपनगरातल्या एका गावठाणात मी स्वतः हे केलंय. मालकांना पावसाच्या आधी काम संपवून हवं होतं. चुन्याला वेळ लागतो म्हणून मी सिमेंट लावलं. मला नाही म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही. आठ वर्षांनी त्यांनी बोलावलं. छत एका कोपऱ्यात बोटभर खाली आलं होतं. भिंत थोडी फोडली आणि तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकडाचा भुगा झाला होता, ओल्या चहापत्तीसारखा. नशिबाने कुणाला लागलं नाही, पण ते घर पुढे पाडावं लागलं. तिथे आता सहा मजले उभे आहेत. त्या रस्त्याने मी अजूनही जात नाही.

म्हातारपाखाडीत, खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या किंवा पार्ल्याच्या गावठाणात ज्यांची अशी घरं आहेत, किंवा लहानपण अशा घरात गेलंय, त्यांनी इथे लिहा. जिना कसा होता, जोतं किती उंच होतं, कुठे ओल यायची. घर टिकेल न टिकेल, निदान माप तरी टिकू दे.

---

राधिका_गिरगाव
८ फेब्रुवारी, रात्री ११:०२

दादा, वाचताना खोताची वाडी डोळ्यांसमोर आली. माझी शाळा त्याच रस्त्यावर. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून वाडीचं नाव पडलं, त्यांच्याकडून ईस्ट इंडियन कुटुंबांनी जागा घेऊन घरं बांधली. आमची एक मैत्रीण तिथे राहायची. तिच्याकडे जिना बाहेरून होता आणि जिन्याखाली तिच्या बाबांची सायकल. तुम्ही म्हणता तसंच, आम्ही घरात कमी आणि जिन्यावर जास्त बसायचो. ते घर आता नाही. जिन्याचा एकही फोटो कुणाकडे नाही, कारण जिन्याचा फोटो काढायचा असतो हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही.

---

गुहागरी
९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

पाखाडी या शब्दाबद्दल. आमच्याकडे पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची फरसबंद वाट, चढ-उताराला पायऱ्या घातलेली. वाडीतून देवळाकडे, देवळाकडून समुद्रावर. दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत. पावसात पाणी पाखाडीवरून वाहतं, चिखल होत नाही. मुंबईत हाच शब्द वस्तीसाठी वापरतात, हे मला वांद्र्याला नोकरीला लागल्यावर कळलं. वाटेवरून वस्तीला नाव पडलं असणार असं मला वाटतं.

---

शिवडीचा_सदा
९ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

उत्तम धागा. थोडी भर घालतो.

माझगावच्या टेकडीवर इंग्रजांचा एक लहान किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने १६८९ मध्ये मुंबईवर स्वारी केली, माझगाव घेतलं आणि १६९० मध्ये परत जाताना किल्ला उद्ध्वस्त केला. आज त्या टेकडीवर पाण्याची टाकी आणि बाग आहे. बागेला जोसेफ बाप्टिस्टांचं नाव दिलंय. काका बाप्टिस्टा म्हातारपाखाडीचेच, जन्म १८६४ चा. पुण्यात इंजिनियरिंग शिकले, मग केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले. लोकमान्यांचे स्नेही आणि वकील. १९१६ साली होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच, आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. एवढा मोठा माणूस या गल्लीतून गेला आणि आपल्यातले निम्मे लोक बागेच्या पाटीवर नाव वाचून पुढे जातात.

माझगावचं जुनं ग्लोरिया चर्च १६३२ चं. ते १९११ मध्ये पाडलं आणि भायखळ्याला नवं उभं राहिलं, ट्रेनमधून त्याचा उंच मनोरा दिसतो. म्हणजे किल्ला गेला, जुनं चर्च गेलं, बंदर गोदीत गेलं. जुन्या गावातलं जे उरलंय ते ही घरंच. म्हणून ती मोलाची.

---

चुनाविटा
९ फेब्रुवारी, दुपारी १:४०

सदाभाऊ, बाप्टिस्टांचं मला माहीत होतं, पण किल्ला त्या बागेच्या जागी होता हे आजच कळलं. गुहागरी, पाखाडीवरून पाणी वाहतं हे तुम्ही बरं आठवून दिलंत, त्यावर मला पुढे लिहायचंच आहे. राधिकाताई, जिन्याखालच्या सायकलीइतकं आठवत असेल तर पायऱ्या किती होत्या तेही आठवेल. डोळे मिटून मनातल्या मनात चढून बघा.

---

राधिका_गिरगाव
९ फेब्रुवारी, दुपारी २:२५

चौदा. आणि सातव्या पायरीपाशी वळण. खरंच चढून बघितलं.

---

एस्तेर_वांद्रे
९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मी ईस्ट इंडियन. आजीचं घर वांद्र्याच्या एका पाखाडीत, अजून उभं आहे आणि आम्ही तिथेच राहतो. अनेकांना वाटतं आम्ही गोव्याहून आलो. आम्ही इथलेच, मूळचे मुंबई-साष्टी-वसईचे, घरात मराठीच बोलतो. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा, कारण गोव्या-मंगळुरूकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांत आणि आमच्यात इंग्रज सरकारच्या लेखी फरक राहत नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले, गावठाणांतून फिरलात तर त्या काळची सालं कोरलेली दिसतील. आजी सांगायची, तिच्या सासूने प्लेगमध्ये दोन मुलं गमावली आणि नंतर रोज संध्याकाळी क्रुसापाशी दिवा लावला. आजही मे महिन्यात सगळी गल्ली तिथे प्रार्थनेला जमते आणि नंतर वाटीतून उकडलेले चणे वाटतात.

आणि विहीर. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, तिथलं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, त्याने नवरा-नवरीला आंघोळ. आमची विहीर मलेरियाच्या भीतीने झाकली गेली, आजीच्या जन्माच्याही आधी. माझ्या लग्नात झाकणाला एक पत्र्याचं दार होतं ते उघडून दोरीने कळशी सोडली. पाणी अजून आहे, थंडगार.

आता दादा, तुमच्या धाग्यामुळे झोप उडाली ते सांगते. आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कमरेएवढी ओल आहे. १५ वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर झालंय. दर दिवाळीला रंग लावतो, होळीपर्यंत फुगतो. वर माझे ८१ वर्षांचे वडील झोपतात. मी काय बघू?

---

सागर_परळ
९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मी जुन्या लाकडी इमारतीत वाढलो, लालबागला. उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी जिच्यावर सरकारी उपकर असतो ती. सामायिक संडास, रात्री आईला सोबत लागायची. पावसाळ्यात घरात चार ठिकाणी टोप. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठली, मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरूंकडे पैसा नव्हता. दोष कुणाला द्यायचा? दर पावसाळ्यात कुठली तरी इमारत पडल्याची बातमी यायची आणि वडील रात्री उठून खांबाला हात लावून बघायचे. बाहेरून येऊन जिन्याचे फोटो काढणाऱ्यांना हे दिसत नाही. आईचे गुडघे गेले तेव्हा त्या झिजलेल्या पायऱ्यांनी तिला दोन वर्षं घरात कोंडून ठेवलं. आम्ही पुनर्विकासाला हो म्हटलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. मुंबईला वारशाची नियमावली १९९५ मध्ये झाली, देशात पहिली. यादीत घर गेलं की पाडायला परवानगी लागते. पण कौलं चाळायला मजूर कोण देणार, हे यादीत लिहिलेलं नसतं.

---

चुनाविटा
१० फेब्रुवारी, रात्री ११:२०

सागर, राग कसला. वडील रात्री उठून खांबाला हात लावायचे, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुमच्या आईंना लिफ्ट मिळाली, हे योग्यच झालं. ज्या घरात माणूस सुखाने राहू शकत नाही ते तसंच ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. माझं म्हणणं ज्यांना राहायचंय त्यांच्यासाठी आहे. त्यांची घरं चुकीच्या दुरुस्तीने मरतात आणि मग सगळे म्हणतात, जुनं होतं, पडणारच होतं. संडास आत घेता येतो, वीज नवी करता येते, जिन्याची झिजलेली फळी उलटी करून किंवा बदलून बसवता येते. यातल्या कशानेही घराचं जुनेपण जात नाही. कौलांबद्दल तुमचं खरं आहे. कौलं चाळणारे हात कमी झालेत. मंगळुरी कौल १८६५ पासून बनतंय, बाझल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून, आणि चांगलं कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. फक्त दर वर्षी मे महिन्यात कुणीतरी वर चढून फुटकी बदलायला हवीत.

एस्तेरताई, आता तुमची भिंत. आधी वडिलांची खाट त्या भिंतीपासून दूर, दुसऱ्या खोलीत हलवा. आजच. मग खालून छताकडे बघा : तुळई भिंतीत शिरते तिथे रंगाचा डाग आहे का, प्लास्टरला आडवी चीर आहे का, तुळई ठोकली तर खणखण वाजते की भद्द. भद्द आवाज आला तर मला न विचारता आधी टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

ते ठीक असेल तर बाहेर या. जोत्याला पायऱ्या किती आहेत ते मोजा आणि वडिलांना विचारा लहानपणी किती होत्या. जुन्या गल्ल्यांतून मला नेहमी हेच दिसतं. रस्ता दर खेपेला आधीच्यावरच करतात, वर पेव्हर ब्लॉक, गल्ली वीतभर, दोन वीत वर येते आणि जोतं जमिनीत जातं. म्हातारपाखाडीतही एका घराला मी एकच पायरी बघितली, तिच्या बाजूच्या दगडावर मात्र आणखी दोन पायऱ्यांच्या खुणा पेव्हरच्या खाली जाताना दिसत होत्या. गुहागरींच्या पाखाडीवरून पाणी वाहून जातं, आपल्या गल्लीतलं भिंतीत जातं. भिंतीला लागून हातभर रुंद चर खणून त्यात खडी भरली आणि त्याचं पाणी गटाराकडे काढलं, तर अर्धं दुखणं तिथेच थांबतं. प्लास्टरला हात लावायच्या आधी हे करायचं. पाणी येतंय तोवर चुनासुद्धा काही करू शकत नाही.

मग सिमेंट काढायचं. छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने, कडेकडेने सोलत. ब्रेकर लावायचा नाही, विटा सैल होतात. भिंत उघडी झाली की एक कोरडा हंगाम तशीच ठेवायची. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, पण तिला श्वास घेऊ द्या.

---

नितीन_कुर्ला
११ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

चुना आणायचा कुठून? रंगाच्या दुकानात पिशवीतून मिळतो तो चालेल का?

---

चुनाविटा
११ फेब्रुवारी, दुपारी १:०५

ती फक्की प्लास्टरला चालत नाही. तुम्ही कुर्ल्याचे, म्हणजे चुनाभट्टी तुमच्या शेजारीच. नावच सांगतं तिथे काय चालायचं. कळीचा चुना आणायचा, म्हणजे भट्टीतून निघालेले खडे. पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. तो उकळतो, वाफा येतात, डोळ्यांवर चष्मा हवाच, मुलांना जवळ येऊ देऊ नका. विरला की पाण्याखाली झाकून मुरवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, थापी मारली की चिकटून येतो. मी दोन-तीन महिने ठेवतो. त्यात धुतलेली वाळू तिप्पट, आणि जिथे ओल आहे तिथे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेचा चुरा. त्याने चुना ओलीतही घट्ट धरतो. थर पातळ, फार तर अर्धा इंच. पहिला धरल्याशिवाय दुसरा नाही. वर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, कारण उन्हाने भराभर वाळला तर भेगाळतो. गवंड्याला घाई असेल तर हे काम त्याला देऊ नका.

---

एस्तेर_वांद्रे
१ मार्च, रात्री ९:१०

दादा, खबर देते. तुळई वाजवली, चारही ठिकाणी खणखण. इंजिनियरनेही बघितली. वडील आतल्या खोलीत आहेत, कुरकुर करतात कारण तिथून रस्ता दिसत नाही. त्यांना पायऱ्यांचं विचारलं तर क्षणात म्हणाले, चार. आज दीड उरलीय. चौथ्या पायरीवर बसून ते पेरू खायचे म्हणे. चर खणून झाला. खणताना दुसरी पायरी वर आली, काळ्या दगडाची, कडेला गोल केलेली. वडिलांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. वाकता येत नाही म्हणून चप्पल काढून त्यांनी तिच्यावर पाऊल ठेवलं.

कालपासून सिमेंट काढतोय. खिडकीच्या खाली हातभर जागेत ते एका सपाट्यात पापुद्र्यासारखं निघालं आणि आत जुना चुना तसाच होता. त्यावर रंगाचे थर आहेत. नखाने हळूच खरवडलं तर वर पांढरा, त्याखाली निळीचा, मग हिरवट, पुन्हा निळीचा, आणि सगळ्यात आत हळदीसारखा पिवळा. वडील म्हणतात निळा त्यांना आठवतो, त्यांच्या मुंजीएवढ्या वयात, म्हणजे पहिल्या कम्युनियनला, आजीने लावून घेतला होता. पिवळा त्यांनीही कधी बघितलेला नाही. आता पुढे काय करू? गवंडी म्हणतो सगळंच खरवडून टाकू, एकसारखं होईल.

---

चुनाविटा
१ मार्च, रात्री ९:२५

हात थांबवा. ती खिडकीखालची जागा कुणालाही खरवडू देऊ नका, गवंड्याला उद्या सुट्टी द्या. तिथला चुना भिंतीला घट्ट आहे का ते बोटाच्या पेराने वाजवून बघा. घट्ट असेल तर तो तसाच राहील आणि नवा चुना त्याच्या कडेला येऊन मिळेल. पाचही थरांचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. आणि दुसऱ्या पायरीची उंची, रुंदी, लांबी मोजून ठेवा, बाकीच्या दोन त्याच मापाच्या निघतील. मी रविवारी सकाळी येतो, मुरवलेल्या चुन्याचा डबा घेऊन. वडिलांना सांगा, पिवळ्याबद्दल त्यांच्याशी बोलायचंय.